टीव्हीवर ब्राउझर, हातात कंट्रोलर: कमी दाबांत जास्त टायपिंग

गेम कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राच्या, कंट्रोलरने टाइप करताना वेळ अक्षर दाबण्यात जात नाही, एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरापर्यंत पोचण्यात जातो. पडद्यावरच्या कीबोर्डवर इंग्रजीत ‘सोलापूर’ लिहायचंय असं धरा: एस, ओ, एल, ए, पी, यू, आर. सात अक्षरं, म्हणजे होकाराचं बटण सात वेळा. आता मधली चाल मोजा. एसवरून ओवर जायला सात घरं उजवीकडे आणि एक वर. ओच्या खालीच एल, एक घर. एलवरून ए गाठायला आठ घरं डावीकडे. एवरून पी म्हणजे परत नऊ घरं उजवीकडे आणि एक वर. पीवरून यू तीन घरं, यूवरून आर तीन घरं. बेरीज ३३.

हाच शब्द टोकावरून उडी मारत लिहून पाहा. कर्सर ए या अक्षरावर असताना डावा बाण दाबला आणि तो ओळीच्या उजव्या टोकाला निघाला, तर तुमचा कीबोर्ड उडी घेतो. दहा रकान्यांच्या अशा कीबोर्डवर एस ते ओ चार दाबांत होतं, एल ते ए दोन दाबांत आणि ए ते पी दोन दाबांत. बाकीची चाल तशीच राहते. बेरीज १५. शब्द तोच आणि मेहनत निम्म्याहून कमी. म्हणून नवीन कन्सोल हातात आला की पहिल्यांदा ए वर जाऊन डावा बाण दाबून बघा. ही एक गोष्ट कळली की पुढचं सगळं टायपिंग बदलतं.

ब्राउझर आहे कुठे

हे यंत्रागणिक बदलतं, आणि इथेच निम्मे लोक अडकतात.

प्लेस्टेशन ४ मध्ये इंटरनेट ब्राउझर यंत्रासोबतच येतो. होम स्क्रीनवर दिसत नसेल तर लायब्ररीत शोधा. तो जुन्या धाटणीचा आहे. साध्या बातम्या, विकिपीडिया, वेळापत्रकं चालतात. आजच्या जड वेबसाइटी मात्र अर्ध्यात अडकतात किंवा मेमरी पुरत नसल्याचा संदेश येतो. असं झालं तर मागे चालू असलेला गेम पूर्ण बंद करा. गेम नुसता बाजूला ठेवला की त्याने घेतलेली मेमरी सुटत नाही.

प्लेस्टेशन ५ च्या होम स्क्रीनवर ब्राउझरचं ॲप नाही. आडवाटेने वेबपेज उघडायचे उपाय लोक सांगतात, पण रोजच्या कामाला ते भरवशाचे नाहीत. घरात पीएस ५ असेल तर यूट्यूबसारखी तयार ॲप वापरा आणि ब्राउझिंग दुसऱ्या यंत्रावर करा. टायपिंगबद्दल पुढे जे आहे ते पीएस ५ लाही लागू पडतं, कारण गेमचं नाव शोधायला आणि मित्राला निरोप लिहायला कीबोर्ड तिथेही लागतोच.

वेबसाठी सगळ्यात चांगला एक्सबॉक्स. एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स, सिरीज एस या सगळ्यांवर मायक्रोसॉफ्ट एज आहे, आणि २०२१ पासून तो गूगल क्रोमच्या मुळाशी असलेल्या क्रोमियमवर चालणारा नवा एज आहे. म्हणजे कॉम्प्युटरवर उघडणारी बहुतेक पानं इथे तशीच उघडतात. ‘माय गेम्स अँड ॲप्स’मध्ये ॲपच्या यादीत तो सापडतो.

निन्टेन्डो स्विचवर ब्राउझर उघडायचं बटणच नाही. लॉजच्या वायफायचं लॉगिन पान उघडण्यापुरता तो आत दडलेला आहे. नेटवर्क सेटिंगमध्ये परक्याचा डीएनएस (साइटचं नाव दिलं की तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) टाकून तो उघडायची युक्ती सगळीकडे फिरते. ती करू नका. त्या वाटेने तुम्ही कुठल्या पत्त्यावर जाताय ते अनोळखी सर्व्हर ठरवतो, आणि तिथे टाकलेला पासवर्ड कुणाच्या हाती जाईल याचा नेम नाही.

स्टिक कर्सरला, बाण कीबोर्डला

पानावर फिरताना डावी स्टिक (अंगठ्याने कलवायची छोटी दांडी) कर्सर हलवते आणि उजवी स्टिक पान वर-खाली सरकवते. पीएस ४ आणि एक्सबॉक्स दोन्हीकडे हेच. निवडायला पीएस ४ वर फुलीचं बटण, एक्सबॉक्सवर ए. बारीक लिंकवर कर्सर नेताना स्टिक पूर्ण ढकलू नका. स्टिक जितकी कमी कलते तितका कर्सर हळू चालतो. आधी लांबून जोरात जवळ या, मग स्टिकला अंगठ्याने नुसता आधार दिल्यासारखं हलकं ढकला. लिंका फारच दाट असतील तर पान झूम करा, कर्सरशी झटापट करू नका. एजच्या मेनूत झूम आहे. बाराएक फुटांवरून बघत असाल तर १५० टक्के ठेवलं की डोळे आणि अंगठा दोन्ही सुखावतात.

कीबोर्ड उघडला की स्टिक सोडा आणि डाव्या अंगठ्याखाली बाणांची बटणं घ्या. स्टिकने अक्षरं निवडायला गेलं की एक घर जायचं तिथे दोन जातात, कारण स्टिक किती कलली आणि किती वेळ कललेली राहिली यावर चाल ठरते. बाणाचं बटण एकदा दाबलं की एकच घर. लांब जायचं असेल तर बाण दाबून धरा, शेवटची दोन घरं मात्र सुट्या दाबांनी घ्या.

पीएस ४ वर आणखी एक वाट आहे. कीबोर्ड उघडा असताना उजवी स्टिक आत दाबली की कंट्रोलरचा मोशन सेन्सर चालू होतो आणि कंट्रोलर हवेत फिरवून अक्षरावर नेम धरता येतो. कोपर मांडीवर टेकवून फक्त मनगट हलवलं तर हे लांब शब्दांना खरंच वेगवान पडतं. हात हवेत धरून केलं तर दोन मिनिटांत खांदा भरून येतो.

ही बटणं अंगवळणी पाडा

अक्षर खोडायला कर्सर घेऊन पडद्यावरच्या बॅकस्पेसपर्यंत जाणारा माणूस कायम हळूच टाइप करणार. खोडणं, जागा सोडणं, मोठं अक्षर, मजकूर पूर्ण करणं, या सगळ्यांना कंट्रोलरवर स्वतंत्र बटणं आहेत.

प्लेस्टेशनवर चौकोन म्हणजे खोडणं आणि त्रिकोण म्हणजे स्पेस. लिहिलेल्या मजकुरात मागे-पुढे सरकायला एल १ आणि आर १. मोठ्या अक्षरासाठी एल २. एल २ धरून त्रिकोण दाबला की चिन्हांचं पान येतं. लिहून झालं की आर २.

एक्सबॉक्सवर खोडायला एक्स, स्पेसला वाय, मजकुरात सरकायला एलबी आणि आरबी. चिन्हांसाठी एलटी. मोठ्या अक्षरासाठी डावी स्टिक आत दाबायची, आणि संपवायला तीन आडव्या रेघांचं मेनू बटण.

यात लोक सगळ्यात कमी वापरतात ती मजकुरात सरकायची बटणं, आणि खरी बचत तिथेच आहे. पत्ता लिहिताना तिसरं अक्षर चुकलं असं शेवटी लक्षात आलं तर सगळं खोडत मागे येऊ नका. एल १ किंवा एलबी दाबत चुकलेल्या अक्षराच्या लगेच उजवीकडे या, एकदा खोडा, बरोबर अक्षर टाका आणि थेट पूर्ण करा. कर्सर परत शेवटाला न्यायची गरज नाही.

दिवाणखान्यातल्या टीव्हीला विंडोज ११ चा कॉम्प्युटर जोडला असेल तर तिथल्या टच कीबोर्डलाही आता गेमपॅडचा लेआउट आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट बदलताना तो निवडायचा. तिथेही एक्स खोडतो आणि वाय स्पेस देतो, त्यामुळे एक्सबॉक्सची सवय वाया जात नाही.

लिहायचंच कमी

चाल कितीही सुधारली तरी कंट्रोलर लिहिण्यासाठी बनलेला नाही. म्हणून लिहिण्याआधी एक क्षण थांबून हेच काम कमी अक्षरांत होईल का ते बघा.

उदाहरण घ्या सिद्धेश्वर एक्सप्रेसचं. इंग्रजीत ‘सिद्धेश्वर’ लिहायला अकरा अक्षरं लागतात, त्यात डी एक की दोन हा घोळ आहेच. गाडीचा नंबर मात्र पाच आकडे: सोलापूरहून मुंबईला जाणारी १२११६, मुंबईहून येणारी १२११५. आकडे कीबोर्डवर एकाच ओळीत असतात. १ वरून २ ला एक घर, परत १ ला एक घर, दुसऱ्या १ साठी जागा सोडायचीच नाही, मग ६ ला पाच घरं. सगळी मिळून सात घरांची चाल. नंबर टाकला की स्पेलिंगचाही प्रश्न उरत नाही. पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसलाही तसंच, १२१५७ आणि १२१५८. हवामान किंवा कुरिअर बघायचं असेल तर गावाच्या नावाऐवजी पिनकोड टाका, सोलापूर शहराच्या मुख्य पोस्टाचा ४१३००१. जिथे आकडा चालतो तिथे नाव लिहू नका.

शोधताना तीन-चार अक्षरांनंतर थांबून खाली येणाऱ्या सूचना बघा. पूर्ण वाक्य लिहायची गरज क्वचितच पडते. पत्ता लिहिताना सुरुवातीचे तीन डब्ल्यू टाकू नका, बहुतेक साइट त्यांच्याशिवाय उघडतात. आणि एकदा पोचलेल्या पानावर परत यायचं असेल तर ते तिथल्या तिथे बुकमार्क करा. पीएस ४ वर ब्राउझर उघडा असताना ऑप्शन्स बटण दाबलं की तो पर्याय मिळतो.

एक्सबॉक्सवाल्यांना याहून चांगली सोय आहे. फोनवर एज टाका, एक्सबॉक्सवर जे मायक्रोसॉफ्ट खातं आहे त्याच खात्याने साइन इन करा आणि सिंक चालू ठेवा. फोनवर आवडीच्या यादीत टाकलेलं पान एक्सबॉक्सच्या एजमध्येही दिसतं. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचं निकालाचं पान, महापालिकेच्या कराचं पान, वीजबिलाचं पान असे लांबलचक पत्ते फोनवर एकदा निवांत शोधून ठेवावेत. टीव्हीवर मग फक्त यादी उघडायची आणि सीट नंबर किंवा ग्राहक क्रमांक टाकायचा, आणि तो आकड्यांतच असतो.

मराठी लिहायचं तर

इथे जरा धीर धरावा लागतो, पण मार्ग आहे.

कन्सोलच्या कीबोर्डवर देवनागरी मिळाली नाही तर वेबपेजवरचाच कीबोर्ड वापरायचा. एक्सबॉक्सच्या एजमध्ये गूगल ट्रान्सलेट उघडा, डावीकडची भाषा मराठी करा आणि मजकुराच्या चौकटीखालचं कीबोर्डचं चिन्ह दाबा. पानावरच देवनागरी कळा उघडतात. त्या कर्सरने एकेक दाबायच्या. लिहिलेला मजकूर निवडून कॉपी करा आणि हव्या त्या चौकटीत पेस्ट करा. हे स्टिकचं काम आहे, बाणांचं नाही, कारण हा कीबोर्ड पानाचा भाग आहे, कन्सोलचा नाही. कळा बारीक वाटल्या तर झूम वाढवा. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्यांना भाषेच्या यादीत तेलुगू निवडून हीच वाट आहे, कानडीलाही तीच.

मराठी विकिपीडियावर वेगळी सोय आहे. शोधाच्या चौकटीत गेलं की लहानसं कीबोर्डचं चिन्ह दिसतं, त्यातून अक्षरांतरण निवडलं की रोमन अक्षरांची देवनागरी होते. ‘सोलापूर’साठी एस, ओ, एल, मोठा ए, पी, मोठा यू, आर, आणि शेवटी छोटा ए. शेवटचा ए विसरलात तर शब्दाच्या टोकाला पाय मोडलेला र् राहतो आणि शोधात काहीच सापडत नाही. व्यंजनानंतर ए दिल्याशिवाय अक्षर पूर्ण होत नाही, हा तिथला नियम.

ही अक्षरांतरणाची सोय एकेक कळ दाबली जाताना काम करते. कन्सोलचा कीबोर्ड शब्द पूर्ण लिहून झाल्यावर एकदम चौकटीत टाकत असेल तर अक्षरांतरणाला पकडायला कळच मिळत नाही आणि रोमन अक्षरं तशीच राहतात. असं झालं तर सेटिंग उलटसुलट करत बसू नका. यूएसबी कीबोर्ड जोडा किंवा पानावरच्या कळा वापरा.

चार ओळींपेक्षा जास्त लिहायचं असेल तर

कीबोर्ड जोडा. सोलापुरात नवी पेठेत कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात मिळणारा साधा यूएसबी कीबोर्ड पीएस ४, पीएस ५ आणि एक्सबॉक्सला जोडला की लगेच चालतो, ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही. विकत घेण्याआधी एक फरक लक्षात ठेवा: पीएस ४ आणि पीएस ५ ब्लूटूथ कीबोर्ड घेतात, एक्सबॉक्स घेत नाही. एक्सबॉक्ससाठी वायरचा घ्या किंवा यूएसबी रिसीव्हर खोचायचा वायरलेस घ्या. एक्सबॉक्सच्या एजमध्ये यूएसबी माउसही चालतो. स्विचलाही टीव्हीला जोडायच्या डॉकमध्ये असताना यूएसबी कीबोर्ड जोडता येतो, आणि हातात असेल तर त्याच्या पडद्यावर बोटानेच लिहा, बटणांच्या नादी लागू नका.

एक्सबॉक्सवर फोनही कीबोर्ड होतो. सेटिंगमध्ये डिव्हाइसेस अँड कनेक्शन्समध्ये जाऊन रिमोट फीचर्स चालू करा, फोनवर एक्सबॉक्सचं ॲप टाका, दोन्ही एकाच वायफायवर ठेवा आणि ॲपमधला रिमोट उघडा. टीव्हीवर मजकुराची चौकट उघडी असली की फोनच्या कीबोर्डने लिहिता येतं.

कर्सर आपोआप सरकतो

ही ब्राउझरमध्ये सगळ्यात आधी दिसणारी आणि सगळ्यात जास्त छळणारी तक्रार. गेममध्ये ती लपते, कारण तिथे स्टिक सतत हलत असते. ब्राउझरमध्ये स्टिक सोडून दहा सेकंद बघत बसा. कर्सर मुंगीच्या चालीने एकाच दिशेला जात असेल तर डावी स्टिक बिघडलीय. कर्सर जागेवर आहे पण पान सरकतंय तर उजवी.

कारण आत आहे. स्टिकच्या दोन बाजूंना दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात. कार्बनच्या पट्टीवर धातूचा पत्रा घासत फिरतो आणि त्यावरून स्टिक कुठे आहे ते कळतं. पट्टी झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली की स्टिक मधोमध असूनही कललेली असल्याचा निरोप जातो. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, धूळ येतेच. यंत्रमागाच्या वस्तीत तर सुताची बारीक लव हवेत असते आणि ती स्टिकच्या बुडाशी बरोबर गोळा होते. वापर नसताना कंट्रोलरवर सुती फडकं टाकून ठेवा. ही सवय दुरुस्तीपेक्षा स्वस्त आहे.

साफ करायचं तर असं करा. कंट्रोलर बंद करा. स्टिक एका बाजूला पूर्ण कलवा, उघड्या पडलेल्या फटीत हवा मारा, मग दुसऱ्या बाजूला कलवून परत. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूसकाडी भिजवून बुडाशी एक-दोन थेंब जाऊ द्या, स्टिक २०-३० वेळा गोल फिरवा आणि १५ मिनिटं सुकू द्या. घरातलं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि चिकट घटक असतात. पीएस ४ चा कंट्रोलर असेल तर पाठीमागे एल २ जवळ बारीक भोक आहे. कन्सोल बंद ठेवून त्यात टाचणी पाचएक सेकंद दाबून धरा, कंट्रोलर रिसेट होतो. मग केबल लावून मधलं पीएस बटण दाबा म्हणजे तो परत जोडला जाईल.

आठवड्याभरात तक्रार परत आली तर पट्टी झिजलीय, आता सफाईने भागणार नाही. स्टिकचं पूर्ण मॉड्यूल बदलावं लागतं. ते बोर्डाला १४ ठिकाणी झाळलेलं असतं, त्यामुळे घरच्या साध्या सोल्डरिंग गनने काढायला गेलं की बोर्डावरचे ठिपके उखडतात. मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. आणि बदलतोच आहोत तर हॉल सेन्सरचं मॉड्यूल मिळतं का विचारा. त्यात चुंबकाने स्टिकची जागा ओळखली जाते, घासणारी पट्टीच नसते.

बाकीच्या अडचणी

केबल लावली, चार्जिंग होतंय, पण कंट्रोलर जोडला जात नाही. केबल नुसती चार्जिंगची आहे, आत डेटाच्या तारा नाहीत. जिच्यावरून फोनचे फोटो कॉम्प्युटरवर जातात ती केबल लावा. पीएस ४ च्या कंट्रोलरला मायक्रो यूएसबी, पीएस ५ च्या कंट्रोलरला टाइप सी. एक्सबॉक्सचा कंट्रोलर दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि सेल उतरले की मधेच तुटतो.

कर्सर झटके देत चालतो. ब्लूटूथ आणि वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा एकच आहे. राउटर ५ गिगाहर्ट्झ देत असेल तर कन्सोल त्यावर टाका. पहिल्या पिढीचा जाड पीएस ४ फक्त २.४ वर चालतो, त्याला लॅन केबल लावा. यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क कन्सोलच्या पुढ्यात ठेवली असेल तर ती मागे सरकवा, तिचा गोंगाटही नेमका याच पट्ट्यात पडतो. झटके नाहीत, पण कर्सर सगळीकडे सारखाच उशिरा हलतो, तर दोष टीव्हीचा. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड लावा.

सगळ्याच साइट असुरक्षित असल्याचं सांगतात. तारीख बघा. कन्सोलचं घड्याळ मागे पडलं की सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत जुळत नाही. तारीख इंटरनेटवरून आपोआप घ्यायचा पर्याय चालू करा. पीएस ४ बरेच दिवस वीज काढून ठेवल्यावर दर वेळी तारीख हरवत असेल तर आतला सीआर २०३२ सेल संपलाय. नाण्यासारखा दिसणारा हा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

पानाच्या कडा कापल्या जातात, पत्त्याची पट्टी अर्धीच दिसते. टीव्ही चित्र थोडं फुगवून दाखवतोय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा. पीएस ४ वर साउंड अँड स्क्रीनमध्ये डिस्प्ले एरिया सेटिंग्ज आहे, पण आधी टीव्ही सुधारा. तिथे चित्र कापलंच जात असेल तर कन्सोलवर आक्रसून काहीच साधत नाही, धूसरपणा तेवढा वाढतो.

पंढरपूर-अक्कलकोटच्या लॉजवर कन्सोल नेला आणि वायफाय जोडूनही इंटरनेट नाही, तर लॉगिनचं पान उघडलेलं नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन इंटरनेट कनेक्शन तपासा, त्या तपासणीत ते पान समोर येतं. तेही आलं नाही तर फोनचा हॉटस्पॉट लावा.

पासवर्ड

पासवर्ड कंट्रोलरने लिहू नये, हे ठामपणे सांगण्यासारखं आहे. मोठी-छोटी अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांच्यात पानं बदलत लिहावं लागतं, वेळ जातो, चूक होते आणि टीव्हीसमोर बसलेल्या सगळ्यांना कर्सर कुठल्या अक्षरावर थांबला ते दिसत असतं. ओटीपी लागणारं काम असेल तर लिहीपर्यंत मुदतही संपते.

जिथे क्यूआर कोड किंवा पडद्यावर दिसणारा छोटा कोड मिळतो तिथे तोच वापरा. एक्सबॉक्सवर साइन इन करताना मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम स्लॅश लिंक या पत्त्यावर फोनने जाऊन कोड टाकता येतो. पीएस ५ फोनने स्कॅन करायचा क्यूआर कोड दाखवतो. टीव्हीवरचं यूट्यूबही तसंच फोनवरून जोडलं जातं. बँकेचे व्यवहार मात्र फोनवरच ठेवा. कन्सोल घरातली पोरं, त्यांचे मित्र, पाहुणे असे सगळे वापरतात.

लॉगिन करावंच लागलं तर एजमध्ये इनप्रायव्हेट (बंद केली की मागे खुणा न ठेवणारी) खिडकी उघडा आणि पासवर्ड जतन करू का असं विचारलं की नको म्हणा. पीएस ४ वर अशी खिडकी शोधत बसण्यापेक्षा काम झाल्यावर ऑप्शन्स बटण दाबून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जा आणि कुकीज, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लॉगिनच्या खुणा, पुसून टाका. गेम पार्लरमधल्या किंवा मित्राच्या कन्सोलवर नुसता ब्राउझर बंद केल्याने तुम्ही साइटमधून बाहेर पडत नाही. आधी साइटवर साइन आउट दाबा, मग कुकीज पुसा, मग तेच पान परत उघडून ते लॉगिन मागतंय ना हे बघा, आणि मगच कंट्रोलर खाली ठेवा.